बीच बघायला गेलो आणि जायफळं बघून आलो

ग्रेनेडाबद्दल लिहायचं लिहायचं म्हणून दोन महिने गेले, फोटो अजून फोनमध्येच पडून आहेत. सासूबाई सहा महिन्यांसाठी आमच्याकडे अमेरिकेत आल्या होत्या आणि नवऱ्याने हौसेने क्रूझ बुक केली, बार्बाडोसहून निघणारी, रोज सकाळी डोळे उघडले की नवीन बेट. ऐकायला मस्त वाटतं पण खरं सांगू का, तिसऱ्या दिवसापासून सगळी बेटं डोक्यात एकमेकांत मिसळायला लागतात. हिरवा डोंगर, निळं पाणी, रंगीत घरं, टीशर्टची दुकानं. ग्रेनेडाच्या आदल्या रात्री आई म्हणाल्या सुद्धा, "उद्या मी बोटीवरच बसते गं, समुद्र काय इथूनही दिसतो." बरं झालं ऐकलं नाही त्यांचं.

आधी थोडं भूगोलाचं, कारण मलाच आधी स्पेनमधलं ग्रानाडा वाटलं होतं. हे बेट कॅरिबियनच्या पार दक्षिणेला, त्रिनिदादच्या थोडं वर. सगळा देश मिळून ३४४ चौरस किलोमीटर, म्हणजे मुंबईच्या निम्म्याहून जरा जास्त, आणि माणसं लाख-सव्वा लाख. १९७४ ला स्वतंत्र झाला. झेंड्यावर डाव्या बाजूच्या हिरव्या त्रिकोणात चक्क एक जायफळ आहे. मी ते आधी मिरची समजले होते, असो.

बोट राजधानीला, सेंट जॉर्जेसला लागते. धक्क्यावरून बाहेर पडलं की टूरवाल्यांची गर्दी. आम्ही एका व्हॅनची फुल डे टूर घेतली, बेटाला पूर्ण चक्कर, धबधबा, तळं, आणि शेवटी बीच. बुकिंग करणाऱ्या पोराने नवऱ्याला "स्नॉर्केलिंग पण आहे सर" असं सांगून पैसे घेतले, ते नव्हतं. त्यावर पुढे येतेच. व्हॅनमध्ये आम्ही तिघं, एक रिटायर्ड ब्रिटिश जोडपं आणि टोरांटोच्या दोन मुली. ड्रायव्हर आणि गाइड एकच, साठीच्या आसपासचे काका, आवाज एकदम खर्जातला. डॅशबोर्डवर आपल्याकडे गणपती ठेवतात तिथे त्यांनी दोन वाळलेली जायफळं ठेवली होती. मला वाटलं शो साठी.

इंडिया म्हटल्यावर काकांनी आरशातून बघून पहिला शब्द काढला, "नीरज!" आणि हसायला लागले. कारण २०२२ च्या वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये नीरज चोप्राला मागे टाकून भालाफेकीत गोल्ड घेणारा अँडरसन पीटर्स इथलाच. त्याचा ९०.५४ मीटर, नीरजचा ८८.१३, हे आकडे काकांना तोंडपाठ. नवरा लगेच म्हणाला की पॅरिसमध्ये नीरज सिल्व्हर आणि तुमचा ब्राँझ, मग काका म्हणाले हिशोब बरोबर झाला. तिथून पुढे दिवसभर दोघांचं जमलं.

गावातून बाहेर पडायला सेंडल टनेल नावाचा एक बोगदा आहे, १८९० च्या दशकातला, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा आणि त्यातूनच माणसं पण भिंतीला चिकटून चालतात. टोरांटोच्या मुली किंचाळल्या, आई शांत. पलीकडे कॅरेनाज, म्हणजे घोड्याच्या नालेसारखं वळलेलं जुनं बंदर, वर टेकडीवर चढत गेलेली लाल कौलांची घरं. काकांनी हे पलीकडचं मुद्दाम दाखवलं आणि मग गाडी उलटी फिरवून किनाऱ्याच्या रस्त्याला लावली. गाड्या डाव्या बाजूने, रस्ते अरुंद, वळणावर हॉर्न द्यायचा, समोरचा ओळखीचा निघाला की वेगळा हॉर्न, थँक्यूचा अजून वेगळा. "आपल्या घाटासारखंच आहे की," आई म्हणाल्या आणि क्रूझवर आल्यापासून पहिल्यांदा मोकळ्या बसल्या.

वर फोर्ट जॉर्ज दिसतो, अठराव्या शतकाच्या सुरुवातीला फ्रेंचांनी बांधलेला. काकांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन बंद केलं. १९ ऑक्टोबर १९८३ ला याच किल्ल्याच्या आवारात पंतप्रधान मॉरिस बिशप आणि त्यांच्या सहकाऱ्यांना भिंतीशी उभं करून गोळ्या घातल्या, त्यांच्याच पक्षाच्या दुसऱ्या गटाच्या सैनिकांनी. बरोबर सहा दिवसांनी, २५ तारखेला, अमेरिकेचं सैन्य उतरलं, कारण दिलं की इथल्या मेडिकल कॉलेजात शिकणाऱ्या अमेरिकन मुलांना वाचवायचंय. हे सगळं काका अगदी सपाट आवाजात सांगत होते, चांगलं वाईट काहीच न म्हणता. ब्रिटिश आजोबांनी विचारलं तुम्ही तेव्हा कुठे होता, तर म्हणाले, "शाळेत," आणि गाडी सुरू केली. आज तिथल्या विमानतळाला बिशप यांचंच नाव आहे.

पश्चिम किनाऱ्याने वर जाताना मॉलिनियर बे लागते. इथे समुद्राच्या तळाशी पुतळे आहेत, जेसन डिकेअर्स टेलर या ब्रिटिश शिल्पकाराने २००६ मध्ये बसवलेले, हात धरून गोल उभी असलेली मुलं वगैरे, आणि त्यावर आता प्रवाळ वाढलंय. नवरा यासाठीच आला होता. काकांनी वरून रस्त्यावरून बोट दाखवलं, "ते तिथे, पाण्याखाली." बस. इतकंच. नवऱ्याने त्या निळ्या पाण्याचा एक फोटो काढला, त्यात काहीही दिसत नाही, आणि तो अजून सगळ्यांना दाखवतो की इथे खाली पुतळे आहेत. टूर बुक करताना काय काय आहे ते लिहून घ्या, एवढंच सांगेन.

मग एका वळणावर काकांनी काही न सांगता गाडी थांबवली, उतरले, रस्त्याकडेच्या झाडाखालून काहीतरी उचललं आणि आईंच्या हातात ठेवलं. पिवळसर, लहान पेरूएवढं फळ, मधोमध चिरलेलं. चिरेतून आत काळपट चकचकीत बी, आणि त्या बीला वेढलेली लालभडक जाळी, इतकी लाल की प्लॅस्टिकची वाटावी. आईंनी नाकाशी नेलं आणि एकदम माझ्याकडे वळून म्हणाल्या, "अगं जायफळ!" मग त्या जाळीला नखाने हलकंच सोडवत, "आणि ही जायपत्री. अंगावरच असते होय ही त्याच्या?"

आता मी कबूल करते, नावात पत्री आहे म्हणून चाळीस वर्षं मी जायपत्रीला कुठल्यातरी झाडाचं पान समजत होते. वाण्याकडे दोन वेगळ्या पुड्यांत मिळतात, मसाल्याच्या डब्यात वेगळ्या राहतात, कोण जोडणार त्यांचं नातं. आईंनाही साठ वर्षं स्वयंपाक करून ते माहीत नव्हतं याचं मला जरा बरं वाटलं. ती लाल जाळी वाळली की पिवळी-केशरी होते, आपल्याला दिसते ती तशी. काळपट कवच फोडलं की आतलं ते आपलं जायफळ. बाहेरचा गर पण फुकट जात नाही, त्याचा जॅम करतात. फोडलेली कवचं बागेत वाटेवर पसरतात, चालताना कुरकुर वाजतात.

आईंनी ते फळ रुमालात गुंडाळून पर्समध्ये ठेवलं.

जायफळाचं झाड इथलं नाहीच मुळात. ते इंडोनेशियाच्या बांदा बेटांचं, इथे १८४३ मध्ये आलं आणि असं रुजलं की ग्रेनेडा एकेकाळी इंडोनेशियाखालोखाल जगात दुसऱ्या नंबरला जाऊन बसला होता. झाडं नर आणि मादी वेगळी असतात, आणि बी पेरल्यावर कुठलं काय निघणार ते कळायला पाच-सात वर्षं थांबावं लागतं, फुलं येईपर्यंत. फळं फक्त मादीला. "मग नराचं काय करतात?" आईंनी विचारलं, मी भाषांतर केलं. काका म्हणाले, थोडे ठेवतात, परागासाठी, बाकीचे तोडतात. आईंनी मान हलवली, नवऱ्याने खिडकीबाहेर बघितलं.

मग ग्वाव. स्पेलिंग बघून कोणी हा उच्चार करणार नाही पण तसाच आहे. कोळ्यांचं गाव, शुक्रवारी रात्री रस्त्यावर माशांचा बाजार भरतो म्हणे, आम्ही मंगळवारी गेलो. लंडन ऑलिंपिकमध्ये ४०० मीटरचं गोल्ड घेऊन देशाला पहिलंवहिलं ऑलिंपिक मेडल देणारा किरानी जेम्स याच गावचा. आणि इथेच ते जायफळांचं प्रोसेसिंग स्टेशन. टूरच्या कागदावर याला फक्त वीस मिनिटं होती, आम्ही तासभर होतो आणि त्याला कारण आई.

बाहेरून जुनी लाकडी गोदामासारखी तीन मजली इमारत. आत शिरल्याबरोबर वास असा येतो की डोळे मिटले तर श्रीखंडाच्या पातेल्यात डोकं घातल्यासारखं वाटेल. अंधारं, लाकडी जिने, हजारो पावलांनी गुळगुळीत झालेल्या फळ्या. शेतकरी जायफळं आणतात ती वजन करून घेतात, मग वरच्या मजल्यावर लाकडी ट्रेमध्ये पसरून सहा ते आठ आठवडे वाळवतात, उन्हात नाही, सावलीत, आणि रोज लाकडी दाताळ्याने खालीवर करतात. वाळलं की आतली बी कवचापासून सुटते, हलवली की खुळखुळते. मग मशीनने कवच फोडायचं आणि खाली बायका बसलेल्या असतात, त्या हाताने निवडतात. पुढची परीक्षा पाण्यात. जायफळं पाण्यात टाकायची, जी बुडाली ती भरीव, चांगली, एक्स्पोर्टला. जी तरंगली ती हलकी, ती तेल वगैरेसाठी. भिंतीवर पत्र्याची स्टेन्सिलं टांगलेली, गोणीवर देशांची नावं छापायला.

आई निवडणाऱ्या बायकांपाशी जाऊन उभ्या राहिल्या. एकीला इंग्लिशचा तो गाणं म्हटल्यासारखा हेल, आईंना मराठी आणि थोडं हिंदी. त्या बाईने एक जायफळ पुढे केलं, आईंनी ते कानाशी नेऊन हलवलं, मग नखाने खरवडून तेल सुटतं का बघितलं आणि नापसंतीने मान हलवली. बाई जोरात हसली, खालच्या ढिगातून दुसरं काढून दिलं. हे पास झालं. असं पाच-सहा वेळा चाललं. शेवटी आईंनी तिला सहाणेवर उगाळायची ॲक्शन करून दाखवली, मग बाळाला चाटवायची, मग दोन्ही हात गालाखाली घेऊन झोपायची. आजूबाजूच्या चार जणी हात थांबवून बघत होत्या. काका म्हणाले आमच्याकडे हे किसून कोको टीमध्ये घालतात, रम पंचवर घालतात, आणि तेलाने गुडघे चोळतात. गुडघे ऐकल्यावर आईंनी तेलाची बाटली घेतलीच. पैसे ईस्टर्न कॅरिबियन डॉलरमध्ये, एका अमेरिकन डॉलरला २.७०, १९७६ पासून तोच भाव, पण अमेरिकन नोटा सगळीकडे चालतात.

एवढं मोठं गोदाम आणि ट्रे मात्र बरेचसे रिकामे. मी विचारलं सीझन नाही का. काका म्हणाले, "आयव्हन." २००४ च्या ७ सप्टेंबरला आयव्हन हे वादळ बेटाला अगदी घासून गेलं, दहातल्या नऊ घरांचं नुकसान, आणि जायफळाची बहुतेक झाडं एका दिवसात आडवी. जायफळाची मुळं फार खोल नसतात. भात पडला तर पुढच्या वर्षी परत लावता येतो, इथे नवीन झाड लावून भरघोस पीक यायला दहा-पंधरा वर्षं, आणि त्यातलं निम्मं नर निघणार. बरेच शेतकरी तेव्हाच म्हातारे होते, त्यांनी परत लावलीच नाहीत. इथले लोक काळ पण तसाच मोजतात, आयव्हनच्या आधी आणि आयव्हननंतर. आणि परत २०२४ च्या जुलैमध्ये बेरिल आलं, त्याचा मुख्य तडाखा शेजारच्या कॅरियाकू बेटाला बसला. मी त्या रिकाम्या ट्रेचा फोटो काढला नाही, का कोण जाणे, बरं वाटेना.

पुढचं भराभर सांगते. उत्तर टोकाला सोतेर, तिथे चर्चजवळ एक कडा आहे, १६५१ मध्ये फ्रेंचांच्या हाती लागण्यापेक्षा मूळच्या कॅरिब लोकांनी इथून समुद्रात उड्या टाकल्या, गावाचं फ्रेंच नावच उडी मारणारे. खाली बघवत नाही. मग रिव्हर अँटोइन ही रम डिस्टिलरी, १७८५ पासूनची, अजून पाण्याच्या चाकावर ऊस गाळतात, आणि चाक फिरतंय हे बघून माझा विश्वास बसेना. तिथली कडक रम ७५ टक्क्यांची, ती विमानात नेता येत नाही म्हणून प्रवाशांसाठी मुद्दाम ६९ टक्क्यांची वेगळी करतात. नवऱ्याने कडकवाली एक घोट घेतली आणि नंतर अर्धा तास स्नॉर्केलिंगचं नाव काढलं नाही.

जेवण ग्रेनव्हिलजवळ, एका घरगुती जागी. राष्ट्रीय डिश ऑइल डाऊन, म्हणजे नीरफणस, खारवलेलं मांस, नारळाचं दूध, हळद, सगळं एका भांड्यात शिजवायचं, नारळाचं दूध आटून तेल खाली उतरेपर्यंत. आई शाकाहारी, त्यांना कॅलालू सूप मिळालं. एक चमचा घेतला आणि म्हणाल्या, "अळूचं फदफदं आहे गं, नारळाच्या दुधातलं, फक्त शेंगदाणे नाहीत." आणि खरंच अळूच होतं, तिथे त्याला डशीन म्हणतात. रोटी पण होती, आपली पोळी नव्हे, मोठ्या रोटीत करी गुंडाळलेली. ती इथे आणली भारतातून आलेल्या मजुरांनी. पहिलं जहाज मेडस्टोन १ मे १८५७ ला लागलं. मेरठला ठिणगी पडायच्या नऊ दिवस आधी. तिकडे काय पेटलंय हे त्या लोकांना किती महिन्यांनी कळलं असेल, कळलं तरी असेल का, हे मी रोटी खाताना विचार करत बसले.

शेजारी मसाल्याची टपरी होती, तिथे गंमत झाली. टपरीवाली एका पिवळ्या पुडीला "सॅफ्रन, सॅफ्रन" म्हणत होती आणि भाव अगदीच मामुली. ब्रिटिश आजींनी खूश होऊन चार पुड्या उचलल्या. आईंनी वास घेतला, चिमूट बोटावर चोळली आणि जाहीर केलं, "ही हळद आहे." टपरीवाली फसवत नव्हती हं, तिथे हळदीला सॅफ्रनच म्हणतात. पण आजींचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. तरी घेतल्या त्यांनी, दोन.

परतीचा रस्ता बेटाच्या मधून, डोंगरातून. वर ग्रँड एतांग, ज्वालामुखीच्या विवरातलं तळं, ५३० मीटरवर. खाली रणरणतं ऊन आणि इथे धुकं, स्वेटर हवा होता. मोना माकडं दिसतात म्हणतात, गुलामांच्या जहाजांच्या काळात पश्चिम आफ्रिकेतून आलेली. काकांनी केळं हातात घेऊन आवाज काढले, पाच मिनिटं, दहा मिनिटं, माकड काही आलं नाही. शेवटी केळं काकांनीच खाल्लं. ॲनंडेलचा धबधबा छोटासा आहे, वरून उड्या मारून टिप मागणारी मुलं आहेत, पाणी गार आहे, झालं. आपल्याकडे पावसाळ्यात यापेक्षा मोठे धबधबे रस्त्याकडेला असतात, उगाच कशाला खोटं बोलू.

शहराबाहेर स्टेडियम लागलं तेव्हा काकांनी अजून एक किस्सा सांगितला. २००७ च्या वर्ल्ड कपसाठी हे स्टेडियम चीनने बांधून दिलं आणि हस्तांतराच्या कार्यक्रमाला चिनी राजदूतांसमोर पोलीस बँडने राष्ट्रगीत वाजवलं ते तैवानचं! ग्रेनेडाने दोन वर्षांपूर्वीच तैवानला सोडून चीनशी संबंध जोडले होते, बँडला जुनंच पाठ. मला त्या बँडमास्तरबद्दल अजून वाईट वाटतं.

आणि शेवटी ग्रँड आन्स. ज्यासाठी टूर घेतली होती तो बीच. सुमारे तीन किलोमीटरची पांढऱ्या वाळूची कमान, पाणी गुडघ्याएवढं असताना आपली नखं स्पष्ट दिसतात, लाट जवळजवळ नाहीच. सुंदर आहे, वादच नाही. नवरा पाण्यात गेला तो एक तास बाहेर आला नाही, मी पाय सोडून बसले. काकांनी उतरतानाच एक सूचना दिली होती ती महत्त्वाची, कॅरिबियनमध्ये कुठेही जाणार असाल तर लक्षात ठेवा. किनाऱ्यावर मँचिनील नावाचं झाड असतं, छोटी हिरवी सफरचंदासारखी फळं, ती खायची नाहीत, आणि पाऊस आला तरी त्याखाली आडोशाला उभं राहायचं नाही, पानांवरून ओघळलेल्या पाण्यानेही अंगाला फोड येतात. आई हे ऐकून सगळ्या झाडांपासून दहा फूट लांब, भर उन्हात, छत्री उघडून बसल्या.

धक्क्यावर परत आलो तेव्हा साडेचार. गेटवर बोर्ड, ताजी फळं, रोपं, माती बोटीवर नेता येणार नाही. पाकिटातली वाळलेली जायफळं चालतील. आईंनी पर्समधून रुमाल काढला, सोडला. फळ थोडं मलूल झालं होतं, सकाळची ती लाल जाळी पण जरा मंदावली होती, कडेला सुकायला लागलेली. कचऱ्याचा डबा समोरच होता. आई वळल्या आणि तरातरा व्हॅनकडे गेल्या. काका अजून तिथेच टेकून उभे होते. आईंनी फळ त्यांच्या हातात दिलं. काकांनी खिडकीतून हात घालून ते डॅशबोर्डवर ठेवलं, त्या दोन वाळलेल्या जायफळांच्या शेजारी.

आईंनी तिन्हीकडे बघितलं आणि मला म्हणाल्या, "म्हणजे रोजच कोणीतरी परत देतं वाटतं."